बांगड्याचे नाव आणि चहाची वेळ

चतुर्थी आटोपली होती, श्रावणापासून बंद असलेली मासळी पुन्हा पानात येऊ लागली होती, आणि सप्टेंबरातल्या एका रविवारी मी गोव्यातल्या डिचोलीला मावसभावाकडे जेवायला गेले होते. त्याच्या सुनेला पाचवा महिना लागला होता. पानात उकड्या तांदळाचे वाफाळते शीत, तांबडी भाजी, सोलकढी आणि वहिनीच्या हातची बांगड्यांची उडदामेथी. सुनेने उडदामेथीचा रस भातावर घेतला, दोन घास खाल्ले आणि बांगड्याची तुकडी बोटांनी हळूच पानाच्या कडेला सरकवली. वहिनी वाढता वाढता थांबली. "बाये, बांगडो कित्याक दवरलो गो?" तिने विचारले. सून खाली मान घालून म्हणाली, "आई, फोनवर सांगितलंय, मॅकेरल खायचा नाही. त्यात पारा असतो, बाळाच्या मेंदूला त्रास होतो."

वहिनीने पुढे काही विचारले नाही. सासूचा अनुभव आणि सुनेचा फोन समोरासमोर आले की हल्ली बहुतेक घरांत सासूच माघार घेते, कारण फोनमधून बोलणाऱ्या माणसाच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो. मला त्या दोघींपैकी कोणाचाच राग आला नाही. सून आपल्या बाळासाठी आवडीचा घास सोडत होती, आणि वहिनी आपल्या हातचे अन्न कोणाला जड होऊ नये म्हणून गप्प बसली होती. जेवणे झाल्यावर मी सुनेला ती चित्रफीत दाखवायला सांगितली. चार मिनिटांची, मराठीतली, नीटनेटकी चित्रफीत होती.

मूळ माहिती खोटी नव्हती. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने गर्भवतींनी टाळावयाच्या माशांची जी यादी केली आहे, तिच्यात शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन यांच्यासोबत किंग मॅकेरल हे नाव आहे. इंग्रजीतून मराठीत येताना त्यातला 'किंग' गळून पडला आणि उरला तो नुसता मॅकेरल, म्हणजे आपला बांगडा. वास्तविक किंग मॅकेरल हा अटलांटिकमधला मोठा शिकारी मासा आहे. समुद्रातला पारा आधी सूक्ष्म जीवांत, मग लहान माशांत, मग लहानांना खाणाऱ्या मोठ्यांत असा चढत जातो, आणि जो मासा मोठा असतो व अनेक वर्षे जगतो त्याच्या अंगात तो साठत राहतो. आपला बांगडा वीतभर लांबीचा, पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा आणि थोडेच आयुष्य असलेला मासा आहे. त्याच अमेरिकी सल्ल्यात, कमी पारा असलेली मासळी गर्भवतीने आठवड्याला सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम खावी असेही सांगितले आहे, कारण तिच्यातली प्रथिने आणि मेदाम्ले बाळाच्या मेंदूच्या वाढीला हवी असतात. जे खाऊ नये ते चित्रफितीने सांगितले, जे खावे ते गाळले.

मी सुनेला सहज विचारले, "बाकी मासे खातेस ना?" ती म्हणाली, "हो, मागच्या आठवड्यात आईकडे मोरी केली होती, ती खाल्ली."

मोरी म्हणजे शार्क. चित्रफितीत शार्कचे नाव स्पष्ट होते, पडद्यावर जबडा वासलेल्या एका अजस्र माशाचे चित्रही होते. पण आईच्या स्वयंपाकघरात हळद-मीठ लावून ठेवलेल्या मोरीच्या तुकड्यांशी त्या चित्राचा काही संबंध असेल, हे तिच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. अशा रीतीने त्या शिकलेल्या, जागरूक मुलीने खावा तो मासा सोडला होता आणि टाळावा तो खाल्ला होता, आणि दोन्ही वेळा तिने ऐकलेले मनापासून पाळले होते. एकदा खाल्लेल्या मोरीने काही बिघडत नाही, हे मी तिला आधी सांगितले, कारण तिचा चेहरा उतरला होता. मग इसवणाची, म्हणजे सुरमईची, गोष्ट सांगितली. इसवण हा त्या किंग मॅकेरलच्याच कुळातला, आकाराने मोठा आणि शिकारी. तो कधीतरी, लहान तुकडी एवढाच ठेवावा. बांगडे, तारले, मुडदुशी, लेपे यांच्यावर मात्र निर्धास्तपणे भर द्यावा. तिसऱ्या, खुबे, कालवे पूर्ण शिजवूनच खावीत. वहिनी दारात उभी राहून हे सगळे ऐकत होती.

मी आहारशास्त्र शिकवते, आणि २०२० सालच्या टाळेबंदीपासून डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या गर्भवतींसाठी दर गुरुवारी संध्याकाळी फोनवरून एक वर्ग घेते. गुरुवार निवडण्यामागे एक लहानसे कारण होते. कोकणीत गर्भवतीला 'गुरवार' म्हणतात. वर्गाचा दिवस कोणालाही वेगळा लक्षात ठेवावा लागू नये, असे मला वाटले. सुरुवातीला सात जणी होत्या. त्या काळात तपासणीला जाण्याची भीती वाटत होती, माहेरी जाता येत नव्हते, आणि कोणाशी बोलावे हा प्रश्न होता. मी मोठ्या तयारीने प्रथिने, जीवनसत्त्वे, कर्बोदके यांचे तक्ते तयार केले. पलीकडे सगळ्यांचे कॅमेरे बंद असत, वाळपईच्या पुढच्या गावांत जोडणी मध्येच तुटे, आणि तास संपला की "थँक्यू मॅडम" असे सात संदेश येत. दोन महिन्यांनी मी त्यांना आठवडाभर काय खाल्ले ते लिहून पाठवायला सांगितले, तेव्हा कळले की कोणाच्याही ताटात काहीच बदललेले नव्हते.

एका रात्री अकराच्या सुमारास सत्तरीतल्या एका मुलीचा आवाजी संदेश आला. मागे रातकिडे वाजत होते आणि ती हळू आवाजात बोलत होती, बहुधा घरातले झोपले असावेत. ती म्हणाली, "मॅडम, रक्ताची गोळी चहाबरोबर घेतली तर चालते ना? मला चारच्या चहालाच तिची आठवण होते. एरवी राहून जाते." त्या चाळीस सेकंदांत माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त अर्थ होता. गोळी घ्यायची हे तिला माहीत होते, ती घेण्याची इच्छा होती, आणि विसरू नये म्हणून तिने स्वतःची युक्तीही काढली होती: जी गोष्ट रोज न चुकता होते, तिच्या शेपटाला नवी गोष्ट बांधायची. सवय अशीच लागते. अडचण एवढीच होती की तिने ती नेमक्या त्या एका वेळेला बांधली होती, जिथे ती वाया जाते. चहातली टॅनिने लोहाला आतड्यातच धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत.

हे ऐकून मला झोप लागली नाही, कारण १९९६ साली माझ्या पहिल्या खेपेला मीही तेच केले होते. तेव्हा मी आहारशास्त्राकडे वळले नव्हते. आरोग्य केंद्रातून कागदाच्या पुडीत गोळ्या मिळत, आणि "रोज एक घे" एवढेच सांगितले जाई. मी रोज एक घेतली, सकाळच्या चहासोबत, एकही दिवस न चुकवता. नवव्या महिन्यात माझे हिमोग्लोबिन साडेआठ निघाले आणि तपासणाऱ्या बाईंनी, गोळ्या टाकून देतेस ना, असे सगळ्यांसमोर विचारले. मी काही बोलू शकले नाही. गोळी कशासोबत घेतेस, हा एक प्रश्न कोणी विचारला असता तर तो अपमान आणि बाळंतपणानंतरचा तो दीर्घ थकवा, दोन्ही टळले असते. आपल्या देशात गर्भवतीला साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी बाळंतपणापूर्वी १८० दिवस आणि नंतर १८० दिवस देण्याचे धोरण आहे, गोळ्या फुकट मिळतात, आणि तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. गोव्यात तर जवळजवळ सगळी बाळंतपणे रुग्णालयात होतात, दवाखाना कोणालाच फार लांब नाही. गोळी केंद्रातून घरापर्यंत येते. घरातल्या घड्याळात तिला जागा मिळते की नाही, हे मात्र कोणी पाहत नाही.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर पाठवले. तिच्या घरी तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावतात का, एवढे आधी विचारले. ती म्हणाली, "मीच लावते." मग ठरले की दिवा लावून घरात आली की लिंबाच्या पाण्याच्या चार घोटांसोबत गोळी घ्यायची. चहाला तीन तास होऊन गेलेले असतात, रात्रीचे जेवण अजून दोन तासांवर असते, आणि लिंबातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. कॅल्शियमच्या दोन गोळ्या सकाळच्या न्याहारीनंतर आणि दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे लोहाशी त्यांची गाठ पडत नाही. ज्यांना रिकाम्या पोटी मळमळते त्यांनी लोहाची गोळी रात्री निजण्यापूर्वी घ्यावी. आणि एक गोष्ट मी त्या दिवसापासून प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात सांगते: या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हे न सांगितल्यामुळे किती जणी गुपचूप गोळी बंद करतात याची मोजदाद करता येणार नाही, कारण ही गोष्ट त्या डॉक्टरांना सांगत नाहीत, नवऱ्याला तर नाहीच.

त्यानंतर मी तक्ते बाजूला ठेवले. आता वर्गात मी विचारते की सकाळी उठल्यावर पहिले काय करता, पेज किती वाजता होते, दुपारी कोण घरी असते, बस किती वाजता सुटते. पिळर्ण किंवा कुंडईच्या औषध कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या मुलीचा दिवस आणि काजूच्या बागेत जाणाऱ्या मुलीचा दिवस वेगळे असतात, आणि दोघींना एकच वेळापत्रक देणे म्हणजे दोघींनाही काही न देणे होय.

आवाजातून, थोडे थोडे, योग्य आठवड्याला सांगत राहण्याचा विचार देशात इतरत्र मोठ्या प्रमाणावर झाला आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची 'किलकारी' सेवा जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक असे ७२ ध्वनिसंदेश फोनवर येतात. मुंबईत 'अरमान' संस्थेच्या 'एममित्र' या सेवेने असेच संदेश गर्भवतींपर्यंत पोहोचवले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही ते समजतात, साध्या फोनवर येतात, आणि ज्या महिन्यात जे हवे तेच सांगतात, ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही मध्य प्रदेशात 'किलकारी'ची शास्त्रशुद्ध चाचणी झाली तेव्हा निव्वळ स्तनपान करणाऱ्यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. पाळणा लांबवण्याच्या तात्पुरत्या साधनांचा वापर मात्र थोडा वाढला. मला याचे आश्चर्य वाटले नाही. बाळाला पहिल्या सहा महिन्यांत पाणीसुद्धा द्यायचे नाही हे आई एकटी ठरवत नसते. मधाचे बोट चाटवायला घरात अनेक प्रेमळ हात तयार असतात, आणि त्या हातांपर्यंत फोनचा आवाज गेलेला नसतो. शिवाय फोन कोणाचा, हाही प्रश्न आहे. माझ्या वर्गातल्या तिघींचा क्रमांक नवऱ्याचा होता. वर्गाच्या वेळी नवरा वेर्ण्याला कामावर, आणि संदेश त्याच्या खिशात.

म्हणून दुसऱ्या वर्षापासून मी महिन्यातला एक गुरुवार सासवा आणि नवऱ्यांसाठी ठेवला. पहिल्या वेळी कोणी येईल असे वाटले नव्हते. आल्या त्या सासवाच, आणि त्या ऐकायला नव्हे तर सांगायला आल्या होत्या. त्यांच्याकडून मी खूप शिकले. इंटरनेटवर सगळीकडे सांगितलेले असते की गर्भवतीने एकदम पोटभर न खाता दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे. आमच्याकडे अकराची पेज हे दुसरे काय आहे? उकडा तांदूळ तुसासकट उकडून मग सडलेला असतो, त्यामुळे कोंड्यातली ब जीवनसत्त्वे बऱ्याच प्रमाणात दाण्यात उतरतात, आणि पेजेचे पाणी आपण टाकत नाही. नाचणीचे तिजान गूळ घालून करतात; शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. दोन जिवांची म्हणून दुप्पट खायची गरज नाही. दुसऱ्या तिमाहीपासून दिवसाला सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे साधारण वाटीभर तिजान, एक उकडलेले अंडे आणि एक केळे. हे मी अशा भाषेत सांगितले तेव्हा पलीकडून एक सासूबाई म्हणाल्या, "हे तर आम्ही कधीपासून करतो." मी म्हटले, "होय, आणि तेच तुमच्या सुनेला हवे आहे. फक्त पेजेबरोबर खारे मासे रोज देऊ नका." पावसाळ्यात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते तेव्हा घराघरांत सुकी मासळी निघते, आणि रक्तदाब वाढलेल्या गर्भवतीच्या पानात रोज खारे येणे चांगले नाही. किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, चिमूटभर, चवीपुरते. सोबत अळसांदे (चवळी) किंवा अंडे. त्या बाईंनी वाद घातला नाही. पूर्ण पेज बंद करा असे सांगितले असते तर नक्कीच घातला असता, आणि तो योग्यच ठरला असता.

साखरेच्या बाबतीतही हेच होते. आपल्याकडे गर्भवतीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तशर्करा पाहतात. १४० किंवा त्याहून जास्त निघाली की गरोदरपणातला मधुमेह समजतात. निदान झाले की मुलगी त्याच रात्री फोनवर शोधते आणि भात पूर्ण सोडते. भातावर वाढलेल्या पोरीला भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, ती उपाशी राहते, मग संध्याकाळी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, दोन उंडे खाते. भाताचे माप ठरवून सोबत डाळ, मासा, भाजी वाढवणे आणि जेवणानंतर अंगणात पंधरा मिनिटे चालणे, हा तिला झेपणारा मार्ग असतो. सगळे बदल पाळणारी मुलगी मी अजून पाहिलेली नाही. एक बदल पाळून त्यावर दुसरा रचणाऱ्या अनेक पाहिल्या आहेत.

फोन काय काय दाखवतो याची मला खरी काळजी वाटते. वर्गातल्या एकीने 'पपई' एवढाच शब्द शोधला होता. पिकलेली पपई बेताने खाल्ल्यास अपाय नाही, कच्च्या पपईचा चीक मात्र टाळावा, एवढे उत्तर पुरेसे होते. पण त्यानंतर तिला आठवडाभर केशराने बाळ गोरे होते, नारळपाण्याने केस दाट होतात, पोट पुढे आले की मुलगा, अशा चित्रफिती येत राहिल्या. बाळाचे लिंग पाहणे आणि सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे; पोटाच्या आकारावरून वर्तवलेल्या अंदाजाला कायदा लागत नसेल, पण तो ऐकून घरातले चेहरे बदलतात. "मॅडम, सगळे म्हणतात मुलगी आहे," असे एकीने मला रडत सांगितले होते. बिटाने रक्त वाढते ही समजूत त्यामानाने निरुपद्रवी वाटते, पण तीही तशी नाही. गर्भवतीला दिवसाला सुमारे २७ मिलिग्रॅम लोह लागते आणि शंभर ग्रॅम बिटात ते एक मिलिग्रॅमही नसते. लाल रस पिऊन गोळी सोडणारी मुलगी स्वतःची फसगत करून घेत असते, आणि ती फसगत कोणीतरी तिला सुंदर संगीत लावून शिकवलेली असते.

फेणीविषयी मला वर्गात दरवर्षी एकदा तरी बोलावे लागते. सर्दी-पडशावर चमचाभर फेणी हे आमच्याकडे औषध मानतात, आणि ते देणारी आजी प्रेमानेच देते. गर्भारपणात मद्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, चमचाभरही नाही. हे मी सासवांच्या गुरुवारी सांगते, मुलींच्या नाही, कारण बाटली कपाटातून काढणारा हात सासूचा असतो.

मनाच्या आरोग्याविषयी मात्र मी फार उशिरा बोलू लागले, याचे मला वाईट वाटते, कारण या विषयावरचे महत्त्वाचे काम आमच्या गोव्यातच झाले आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, इथल्याच एका जिल्हा रुग्णालयात नोंदलेल्या मातांच्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचे मन गरोदरपणातच खचलेले होते. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याचे दुःख ही त्यामागची कारणे दिसली. पुढे 'संगत' या गोव्यातल्या संस्थेने, वैद्यकीय शिक्षण न घेतलेल्या पण त्याच वस्तीत राहणाऱ्या बायकांना शिकवून, नैराश्य आलेल्या गर्भवतींना भेटायला पाठवले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त आले. शेजारणीसारखी बाई दारात येऊन बसते, विचारते, पुन्हा येते. फोनवरून मी जे करते त्याला मी या भेटींची जागा कधीच देणार नाही, पण माझ्या आवाजात ती शेजारीण थोडी तरी यावी असा प्रयत्न करते. तक्ता वाचण्याआधी मी आता "या आठवड्यात झोप कशी झाली?" असे विचारते आणि उत्तरासाठी थांबते. ज्यांना जास्त मदत हवी त्यांच्यासाठी 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मी गटात नुसता पाठवत नाही, त्या मुलीसोबत फोनवर राहून लावून देते.

काही गोष्टी फोनवर विचारायच्याच नसतात, हे शिकवणे हाही या शिक्षणाचा भाग आहे. अंगावरून रक्त जाणे, डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या येणे, चेहरा आणि हात एकदम सुजणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटणे. यांतले काही झाले तर मला संदेश पाठवून उत्तराची वाट पाहू नये, सरळ १०८ ला फोन लावावा. दोन वर्षांपूर्वी एकीने मला पहाटे अडीचला "मॅडम, डोके खूप दुखते, काय खाऊ?" असे विचारले होते. मी तो संदेश सकाळी सहाला पाहिला. तिचा नवरा शहाणा निघाला, त्याने तिला तीनलाच रुग्णालयात नेले होते आणि तिचा रक्तदाब फार चढला होता. ती आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत. ते साडेतीन तास मात्र मला अजून आठवतात, आणि तेव्हापासून दर गुरुवारी तासाच्या सुरुवातीलाच मी ती लक्षणे त्यांच्याकडून म्हणवून घेते, शाळेत पाढे म्हणवून घेतात तशी.

त्या रविवारनंतरच्या बुधवारी मी आणि वहिनी मिळून डिचोलीच्या बाजारात गेलो. माशांची एक यादी करायची होती, आणि ती आमच्या नावांनी करायची होती. वहिनीनेच हे सुचवले. ती म्हणाली, "तुमी इंग्लीश नांवां सांगतात, तीं ह्या चलयांक (मुलींना) कशीं कळटलीं?" कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे तिने तीन रकाने आखले होते: आठवड्यात दोन-तीनदा खायचे, कधीतरी खायचे, आणि या नऊ महिन्यांत नको. शेवटच्या रकान्यात तिने सर्वांत आधी, मोठ्या अक्षरांत, 'मोरी' लिहिले.

बांगड्यांच्या पाटल्यापुढे, म्हणजे टोपलीपुढे, आम्ही थांबलो तेव्हा मासेवालीने कागदाकडे पाहिले आणि काय लिहिता म्हणून विचारले. वहिनीने सांगितले की सून गुरवार आहे, आणि तिच्यासारख्या आणखी तीसेक मुली आहेत, त्यांना कोणते मासे बरे ते लिहून द्यायचे आहे. मासेवालीने हातातला सुरा खाली ठेवला. पाटल्यातला एक बांगडा उचलून तिने अंगठ्याने त्याचा कल्ला उघडला, आतला ओला लालभडक रंग आम्हा दोघींना दाखवला, डोळा फुगीर आणि स्वच्छ आहे ना ते पाहायला सांगितले, बोटाने पाठ दाबली आणि मांस पुन्हा वर आलेले दाखवले. "चलयांक हें दाखय पयलीं," ती म्हणाली. मी फोन काढून विचारले, "पुन्हा एकदा दाखवशील का? उद्या गुरुवार आहे, त्यांना दाखवीन." तिने पदराने हात पुसले, दुसरा बांगडा निवडला, तो उजेडात धरला आणि फोनकडे न पाहता, आम्हाला सांगितले होते तसेच, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सांगून झाल्यावर वहिनीच्या कागदाकडे बोट दाखवत, तारलेही लिही, ते स्वस्त असतात, अशा अर्थाने म्हणाली, "आनी तारले बरय. ते सवाय आसात."